पहाटे तीनची उलटतपासणी

एका निवृत्त वकिलांचं लांबलचक पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं गाळून, त्यांच्या परवानगीने थोडक्यात देते.

"वय ६६. ३७ वर्षं दिवाणी वकिली केली. दोन वर्षांपूर्वी शेवटची फाईल ज्युनिअरच्या हवाली केली. दारू मात्र पाच महिन्यांपूर्वी सोडली, तीही यकृताचे रिपोर्ट हातात पडल्यावर. आता रोज पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि जुने खटले एकेक करून समोर उभे राहतात. त्यातला एक पाठच सोडत नाही. एका शिक्षकाचा मिळकतीचा दावा होता. समोरच्यांच्या मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची होती आणि आदल्या रात्री इतकी झाली होती की कागदावरची अक्षरं हलत होती. दोन-तीन प्रश्न विचारून मी खाली बसलो. दावा हरलो. अपिलात जाऊ नका, असंही मीच सांगितलं. आता त्यांना शोधून खरं काय ते सांगावं का? दुसरं म्हणजे, लोक म्हणतात मी निष्णात वकील होतो. तो निष्णात माणूस रोज संध्याकाळी पीत होता. मग त्यातलं माझं किती आणि बाटलीचं किती? घरचे म्हणतात, सुटलात ना, आता आनंदात राहा. जुना मित्र म्हणतो, आता कुठलं कोर्ट बुडणार आहे, एखादी घे."

वकीलसाहेब,

मी ७१ वर्षांची आहे. ३६ वर्षं वकिली केली, बहुतेक फौजदारी बाजूची. त्यातली शेवटची चारच वर्षं बाटलीशिवाय गेली. दारू सुटली त्याला आता १४ वर्षं झाली. पुरुष सहकाऱ्यांच्या पिण्याला 'बैठक' असं भारदस्त नाव होतं. माझ्या पिण्याला नाव नव्हतं, थर्मास होता. त्यामुळे तुमचं पत्र मी खुर्चीत बसून वाचलं नाही, उभ्यानेच वाचून काढलं.

आधी ते तीन वाजताचं प्रकरण बघू. तुम्हाला वाटतंय की इतक्या वर्षांनी विवेक जागा झाला. झालाही असेल, पण त्याच्याआधी तुमचं शरीर जागं झालंय. दारू मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देते आणि चेतवणाऱ्या यंत्रणेला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं हे चाललं की तोल राखण्यासाठी मेंदू चेतवणारी बाजू वाढवून ठेवतो. पुढे दारू काढून घेतली तरी ही वाढलेली बाजू लगेच खाली येत नाही. पिणाऱ्याची झोप पूर्वरात्री दगडासारखी आणि उत्तररात्री चाळणीसारखी असते, आणि सोडल्यावर ती घडी नीट बसायला कित्येक महिने जातात. मला सात लागले. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्यातल्या काही गोळ्या मेंदूत दारूच्याच दाराने शिरतात.

तोवर एवढं ध्यानात ठेवा की पहाटे तीनला तुमच्याविरुद्ध जो निकाल होतो तो एकतर्फी हुकूमनामा आहे. बचाव पक्ष झोपेत असतो. असा हुकूमनामा रद्द करून घ्यायला काय करावं लागतं, हे मी दिवाणी वकिलाला सांगायला नको.

इथे जरा तुम्हाला बाजूला ठेवून इतर वाचकांशी बोलते, कारण तुम्ही लिहिलंय, "सोडताना चार दिवस वाईट गेले, पण निभावलं." तुम्ही निभावलंत, प्रत्येकाचं निभावेलच असं नाही. जो रोज, भरपूर, वर्षानुवर्षं पितो त्याने एका सकाळी निश्चय करून परस्पर बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, आणि ती अवस्था जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आणि ब-१ जीवनसत्त्व मिळालं तर हाच प्रवास बराच सुरक्षित होतो.

मी पहिल्यांदा सोडली ती अशीच, कुणाला न विचारता, एका गुरुवारी रात्री. शुक्रवारी दुपारी वकीलपत्रावर सही करायची होती आणि पेनचं टोक कागदावर ठरेना. समोर अशील बसलेला. माझ्या कारकुनाने काही न बोलता कागदाखाली एक जाड पॅड सरकवलं, जणू दोष टेबलाचाच होता. त्या माणसाने सगळं ओळखलं होतं आणि किती वर्षांपासून ओळखलं होतं, हे मी त्याला कधी विचारू शकले नाही. शनिवारी रात्री मी पुन्हा प्यायले. खरी सुटली ती त्यानंतर दोन वर्षांनी, हॉस्पिटलच्या खाटेवर.

आता तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो सोपा आहे असं मला वाटतं आणि तुम्हाला तसं वाटत नाहीये.

आपल्या व्यवसायात पिणं किती मुरलेलं आहे याचा एक आकडा सांगते. २०१६ साली अमेरिकेतल्या १२,८२५ वकिलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या २०.६ टक्के वकिलांचं पिणं घातक म्हणावं असं निघालं. मला त्यात खटकलं ते पुढचं: सर्वांत जास्त प्रमाण वकिलीच्या पहिल्या दहा वर्षांतल्या मंडळींचं होतं. म्हणजे थकून-भागून, हरून-जिंकून शेवटी माणूस बाटलीकडे वळतो, ही आपण एकमेकांना सांगत आलेली गोष्ट तितकीशी खरी नाही. काळा कोट अजून नवा असतानाच ती खिशात येऊन बसलेली असते. त्यामुळे 'दारूशिवाय मी कसा वकील होतो' याचा पुरावाच आपल्याकडे राहत नाही. तुलना करायला काही उरतच नाही.

माझ्याकडे मात्र थोडा पुरावा निघाला, आणि तुमच्याकडेही निघेल. दारू सुटल्याच्या दुसऱ्या वर्षी मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. उलटतपासणीचे प्रश्न मी आधी वहीत लिहून काढायचे, काही सकाळी लवकर, काही रात्री. अक्षरावरून वेळ कळत होती. रात्रीचे प्रश्न लांबलचक, एकेका प्रश्नाच्या पोटात तीन उपप्रश्न, आणि शेवटी साक्षीदाराला एक टोमणा. सकाळचे प्रश्न असे: 'दिवा चालू होता का?' 'कुठल्या बाजूला होता?' 'तुम्ही उभे कुठे होता?' मग निकालपत्रं शेजारी ठेवून ताडून पाहिलं. न्यायाधीशांनी जी उत्तरं उचलून धरली होती ती जवळजवळ सगळी सकाळच्या प्रश्नांची होती. रात्रीच्या प्रश्नांना कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये वाहवा मिळाली होती, तीही आठवत होती.

'जवळजवळ' म्हणाले, कारण एक अपवाद सापडला. एका रात्री लिहिलेल्या, वाकड्यातिकड्या अक्षरातल्या प्रश्नाने एक खोटा साक्षीदार पार उघडा पडला होता. तो प्रश्न माझा की थर्मासचा, हे मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही दिवाणीवाले, सरस-निरस मानाने, म्हणजे चांगलं-वाईट तोलून, मिळकतीचं वाटप करून प्रत्येकाच्या हिश्श्याला नंबर टाकायची तुम्हाला सवय. ही मिळकत तशी वाटली जाणार नाही. तीन-चार वह्या चाळा, बऱ्याचशा चतुःसीमा दिसतील. उरलेलं सामाईक राहू द्या. मला त्याने फार अडलं नाही.

आता त्या शिक्षकांविषयी.

माफीचा विचार दारू सोडलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो, आणि त्याला मोठी परंपरा आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला चालवलेले गट, यांची सुरुवात १० जून १९३५ ही मानतात. बिल विल्सन, म्हणजे कायद्याचं शिक्षण घेतलेला पण वकिली न केलेला शेअर दलाल, आणि बॉब स्मिथ नावाचे शल्यविशारद, असे हे दोघे अमेरिकेतल्या अक्रन गावात भेटले. १० जूनला डॉक्टर बॉबनी शेवटचा घोट घेतला, आणि तोही शस्त्रक्रियेआधी हात स्थिर राहावा म्हणून! (पॅड सरकवणारा कारकून त्यांच्याकडे नसावा.) शस्त्रक्रिया संपल्यावर ते बराच वेळ घरी आले नाहीत. सगळ्यांना वाटलं, गेले पुन्हा प्यायला. तर ते ज्यांना आपण दुखावलं, ज्यांचं देणं थकवलं, अशांच्या दारी जाऊन आले होते. पुढे या लोकांनी बारा पायऱ्या लिहिल्या, त्यात नववी पायरी हीच: ज्यांचं नुकसान केलं त्यांची थेट भरपाई करा. पण त्याच वाक्यात एक अपवाद घातलेला आहे. तसं केल्याने त्यांचं किंवा आणखी कुणाचं नुकसान होणार असेल तर करू नका. आपण वकील लोक परंतुक आधी वाचतो. मी नेमकं तेच वाचलं नव्हतं.

माझ्या एका अशिलाला माझ्या हलगर्जीमुळे शिक्षा झाली होती. दोन वर्षांची. खटल्यातला एक महत्त्वाचा कागद मी वेळेवर दाखल केला नाही, कारण तो आठवडा मला नीटसा आठवतच नाही. दारू सोडून वर्ष झालं आणि मी त्यांचा पत्ता शोधून काढला. तोवर शिक्षा भोगून त्यांना बरीच वर्षं झाली होती. आधी फोनही केला नाही, कारण फोन केला असता तर माझी हिंमत गेली असती. दार त्यांनीच उघडलं. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, रडलेही थोडी. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटत होतं की माझी बाजूच लंगडी होती. तसं समजून मी ते मिटवून टाकलं होतं. आता तुम्ही सांगताय, ती लंगडी नव्हती. हे घेऊन मी आता काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हलकी होऊन परत निघाले आणि माझं ओझं त्यांच्या टेबलावर ठेवून आले, हे मला जिना उतरताना कळलं. नंतर त्यांना जुन्या शिक्षेविरुद्ध काही करता येतं का हे बघायला मी एक चांगला वकील दिला, फी माझ्या खिशातून. फार काही हाती लागलं नाही. मी गेले ते चुकलं का, हे मी अजून नक्की सांगू शकत नाही. खरं काय घडलं ते कळण्याचा हक्क त्यांचाही होताच. पण मी ज्या क्रमाने गेले तो क्रम नक्की चुकला. आधी वकिलाकडे जायचं होतं, मग त्यांच्याकडे. हातात काही घेऊन जायचं होतं.

म्हणून तुम्ही आधी त्या दाव्याच्या निकालपत्राची नक्कल काढा आणि दिवसाउजेडी वाचा. एकट्याने नको. ज्याचं तुमच्याशी मैत्र नाही पण ज्याच्या बुद्धीवर तुमचा विश्वास आहे असा एखादा चाळिशीतला वकील गाठा आणि त्याला वाचायला द्या. त्या साक्षीदाराच्या जबाबावर निकाल खरोखर किती टेकलाय, आणि कागदपत्रांवर किती, हे बघा. शक्यता अशी आहे की मुद्दा कागदांवर गेलेला असेल आणि तुम्ही त्या दिवशी दोन तास उत्तम तपासणी घेतली असती तरी निकाल तोच लागला असता. शक्यता अशीही आहे की तसं नसेल. दोन्हीला तयार राहून वाचा. स्वतःला दोषी ठरवण्यातही एक मोठेपणा असतो, साहेब, की सगळं आपल्याच हातात होतं! कोर्टात असा अशील आला असता तर तुम्ही त्याला आधी शांत बसवून कागद मागितले असते.

अपिलाची मुदत कधीच उलटली असणार. तरी विलंब माफ होण्याजोगं काही आहे का, दुसरा कुठला उपाय उरलाय का, हे त्या वकिलाला तपासू द्या. काही उरलं असेल तर शिक्षकांना सांगणं टाळता येणार नाही. मग सगळं सांगा, दारूसकट, आणि त्याचे परिणाम तुमच्यावर होतील तेही मान्य करून सांगा. काहीच उरलं नसेल तर थांबा. सहा महिने तरी थांबा. त्या अवधीत स्वतःला विचारा की सांगितल्याने त्यांच्या हातात काय पडेल. उत्तर फक्त 'मला झोप येईल' एवढंच असेल तर जाऊ नका. उद्या ते कुठे भेटले आणि त्यांनी सरळ विचारलं, तर मात्र खोटं बोलू नका. 'अपिलात जाऊ नका' हा सल्ला तुम्ही का दिला होता, तेही तोवर स्वतःपुरतं नक्की करून ठेवा. मला त्या उलटतपासणीपेक्षा हेच जास्त टोचलं. तुमच्या पत्रात ते एका ओळीत उरकलंय.

आणि एक. यातलं काही मन मोकळं करायला दारू सोडलेल्यांच्या कुठल्या गटात बोललात तर अशिलाचं नाव, दाव्याची ओळख, काहीही सांगायचं नाही. आपण निवृत्त होतो, त्यांची गुपितं होत नाहीत.

गटाचं म्हणाल तर, जा. मी पहिल्या दिवशी जवळजवळ वीस मिनिटं युक्तिवाद केला होता. पिण्याची कारणं, परिस्थिती, सौम्य करणाऱ्या बाबी, सगळं मुद्देसूद. एक ट्रक ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "ताई, किती प्यायचात ते राहिलंच." तो आकडा मी त्याआधी कुणापुढेही उच्चारला नव्हता, डॉक्टरांपुढेही निम्माच सांगितला होता.

तुम्ही स्वतःवर जो खटला भरलाय त्याबद्दल आणखी एका वकिलाची साक्ष काढते. २२ फेब्रुवारी १८४२ ला अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये दारू सोडलेल्या लोकांच्या संघटनेपुढे ३३ वर्षांचे अब्राहम लिंकन बोलले. अध्यक्षपद तेव्हा १९ वर्षं दूर होतं. ते स्वतः पीत नसत. त्यांचं म्हणणं असं होतं की पिणाऱ्याला शिव्याशाप देऊन काही साधत नाही, आणि आमच्यापैकी जे यात सापडले नाहीत ते काही मनाने वा नीतीने श्रेष्ठ होते म्हणून वाचले असं नाही, त्यांना ती ओढच नव्हती. न पिणाऱ्या माणसाने, भर सभेत, १८४२ साली हे म्हटलं. तुम्ही स्वतःला तेवढीही सवलत देत नाही आहात.

मित्राचं थोडक्यात. वयाबरोबर शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तेवढीच दारू आता रक्तात जास्त भरते, आणि तुमचं यकृत आधीच तक्रार करून बसलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ पासून दारूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध पुरावा पक्का आहे अशांत, टाकलंय. हे सगळं तुम्हाला माहीत असेल. मित्राला यातलं काहीही सांगू नका. कारण दिलं की तो ते खोडणार, तुम्ही प्रत्युत्तर देणार, आणि तिसऱ्या फेरीला ग्लास टेबलावर आलेला असेल. आपल्या जातकुळीला वादात हरण्यापेक्षा पिणं सोपं जातं. 'नको' म्हणा आणि विषय बदला. माझ्या निरोप समारंभात मी चार वेळा नुसतं 'नको' म्हणाले. पाचव्यांदा कुणी विचारलं नाही. ओढ फारच असेल तर ती कमी करणारी औषधं आहेत, नॅल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट वगैरे. तुमच्या यकृताला कुठलं चालेल ते डॉक्टरच ठरवतील, पण विचारा तरी. इच्छाशक्तीवर सोडली, असं छाती पुढे काढून सांगण्यात मला आता काही रस उरला नाही.

घरच्यांवर रागावू नका. 'आता आनंदात राहा' म्हणणाऱ्यांनी तुमच्याबरोबर ३७ वर्षं काढली आहेत. त्यांच्याही वह्या असतील. तुम्ही फक्त अशिलांची यादी पाठवलीत. त्यात घरातलं एकही नाव नाही.

निकालपत्राची नक्कल मिळाली की पुन्हा लिहा. तुमच्या पत्रावर तारखेखाली वेळही टाकली आहे, वकिली सवयीने: ३.४०. पुढचं पत्र दुपारी लिहा.